मागच्या पायाचे चार मणी

गुरुजी,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. तुम्हाला जाऊन त्या दिवशी सोळा दिवस झाले होते. घरी पुण्यानुमोदनाच्या वंदनेला ज्यांना येता आलं नव्हतं ते आसपासच्या गावांतले मास्तर कुणी एस.टी.ने, कुणी सायकलवर आले. मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली, शेजारी सुजाता बसली. तुमचा फोटो टेबलावर उभा केला होता. तोच, जाफराबादला काढलेला, ज्यात तुम्ही फोटो काढणाऱ्याचा पाढा चुकल्यासारखं त्याच्याकडे बघताय. भाषणं झाली. तुम्ही साधे होता, शांत होता, कधी कुणाला दुखवलं नाही, असं एकामागून एक सगळे म्हणाले. त्यांतल्या कुणीही तुमच्याबरोबर अठरा वर्षं एका घरात काढलेली नाहीत, म्हणून मी ऐकून घेतलं.

शेवटी हेडमास्तर उठले आणि त्यांनी भुंगेऱ्याची गोष्ट काढली. काढणारच होते. चार वर्षं झाली, मास्तरांची बैठक असो की कुणाच्या पोरीचं लग्न, ती गोष्ट निघाली नाही असं झालं नाही. 'डबल भुंगेरा' हे तुमचं नाव त्यांनीच ठेवलेलं. वाईट मनाने नव्हे. त्यांना तुमच्याबद्दल माया होती, आणि माया दाखवायची त्यांची रीतच ती आहे, माणसाची फजिती चारचौघांत रंगवून सांगायची. लोक हसले. फोटोसमोर हसावं की नाही असा विचार करत करत हसले. मी मात्र त्या गोष्टीतल्या एका वाक्यापाशी अडकले, जे मी चार वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्या वाक्यापायी हे लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर हे बोलणं झालं नसतं, झालं असतं तर भांडण झालं असतं. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते.

सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात झाली. आपल्या गावाखालची पूर्णा नदी तेव्हा डबक्यांवर आली होती आणि वरच्या माळावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. शाळेतली निम्मी पोरं आईबापांबरोबर माळावर असायची, म्हणून तुम्ही दुपारी हजेरीचं पुस्तक बगलेत मारून माळावर जायचात. पोरं तिथे तर हजेरीही तिथेच, असा तुमचा हिशेब. त्या माळावर दगड उचलला की खाली एक काळा भुंगेरा बसलेला असायचा. बोटाच्या पेराएवढा, मळकट. हात लावला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करायचा. खडी फोडणाऱ्या बायांना त्याचं काही वाटत नव्हतं, त्या त्याला हातोडीच्या टोकाने बाजूला सारायच्या. तुम्हाला वाटलं. कारण तसाच काळा भुंगेरा तुम्ही नदीकाठच्या ओल्या चिखलात बघितला होता.

त्या दिवशी तुम्ही दोन्ही भुंगेरे माझ्या हळदीच्या डबीत घालून घरी आणलेत. हळद सकाळीच कागदावर काढून ठेवली होतीत, म्हणजे बेत आधीचाच होता.

"सुजाताची माय, बघ बरं, हे दोन एकच हायत का न्यारे न्यारे?"

"दोन्ही काळे हायत, दोन्ही घाण हायत, आन् डबी माझी हाय," मी म्हटलं.

तुम्ही हसलात आणि डबी दिली नाही. ती डबी मला शेवटपर्यंत परत मिळाली नाही. हळद आपल्या घरात तेव्हापासून काचेच्या बाटलीत आहे.

मग ते वर्षभर चाललं. नदीवरला तुरुतुरु पळायचा, ताटलीत ठेवला की ताटलीबाहेर. माळावरला जिथे ठेवाल तिथे बसायचा. मी पहिल्याला जल्दीवाला म्हणायला लागले आणि दुसऱ्याला निवांत. ती नावं तुम्ही उचललीत आणि वहीत तशीच लिहिलीत. 'जल्दीवाला : ओल लागते. जबडा कात्रीसारखा. लहान किडे मारून खातो. निवांत : ओल लागत नाही. वाळला पाला, कुजकं लाकूड खातो. पाठीवरची दोन झाकणं एकमेकांना चिकटलेली, उडत नाही.' पाठ उघडत नाही म्हणून आतलं पाणी आत राहत असावं, असा तुमचा अंदाज होता. पूर्णेतलं शेवटचं डबकं आटलं तेव्हा जल्दीवाले एका आठवड्यात दिसेनासे झाले. निवांत मात्र त्या उन्हाळ्यातही दगडाखाली होता. तुम्ही रोज दगड उचलून बघून यायचात आणि जेवताना मला सांगायचात, आहे अजून. मी पाण्यासाठी दोन कोस हंडा वाहत होते. एका किड्याला पाण्याची गरज नाही याचं मला कौतुक वाटावं अशी तुमची अपेक्षा होती.

यावरून आपला तो जुना वाद दर वेळी निघायचा. माझं म्हणणं, बदली मागा, बदनापूरला जाऊ. रेल्वे आहे, नळ आहे, पोरीला पुढे शिकायला हायस्कूल आहे. तुमचं म्हणणं, बघू. मी चिडून एकदा म्हटलं, "तुम्ही निवांत हायत, दगड उचलल्याबिगर हलायचे न्हाई."

"आन् तू जल्दीवाली," तुम्ही म्हणालात. "पण जल्दीवाला गेला कुठं, ते सांग बरं मला."

पाऊस पडल्यावर नदीकाठी जल्दीवाले पुन्हा आले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून मान डोलावलीत, की बघ, गेलेले येतात. बदलीचा अर्ज काही तुम्ही केला नाही. तो वाद आता माझ्याकडेच उरला आहे, आणि एकट्याने तो ओढण्यात काही अर्थ नाही.

खरा शोध मात्र दुष्काळ सरल्यावर लागला. तुम्ही जालन्याहून एक भिंग आणलंत, पितळी दांड्याचं, आणि मेलेले भुंगेरे त्याखाली धरून बसायला लागलात. एका रविवारी सकाळी मला चुलीपासून उठवून नेलंत. भुंगेऱ्याच्या पावलाला बारीक बारीक मणी असतात, एकाला एक जोडलेले, हे मी पहिल्यांदा बघितलं. जल्दीवाल्याच्या सहाही पायांना पाच पाच मणी. निवांताच्या पुढच्या पायांना पाच, मधल्या पायांना पाच, आणि मागच्या दोन पायांना चारच.

"म्या असे तीस भुंगेरे मोजले," तुम्ही म्हणालात. "तीसच्या तीस. मागच्या पायाला चार. हे कोण्या पुस्तकात असंल नसंल, मला ठाव न्हाई. म्या मोजलंय."

मी म्हटलं, भाकरी करपली. करपलीच होती. पण तुमचा तो चेहरा मला आठवतो. तुम्ही एरवी बोलताना समोरच्याचं ऐकायला निम्मं थांबून राहायचात. त्या दिवशी थांबला नाहीत.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक आलं. शिक्षकांनीही तक्ते मांडावेत असं त्यात होतं. तुम्ही मला म्हणालात, चित्र तू काढ. तुमचा हात चित्राला वाकडा होता, फळ्यावर काढलेली तुमची गाय पोरांना बकरी वाटायची. माझा हात बसलेला होता तो भरतकामाने. आणि भरतकामाचा वर्ग मी घ्यायला लागले तोही तुमच्यामुळेच. लग्न झालं तेव्हा मी चौथी शिकलेली. सातवीची परीक्षा तुम्ही मला सुजाता पोटात असताना द्यायला लावलीत, परीक्षेच्या गावी सायकलवर डबल सीट घेऊन गेलात आणि तीन तास बाहेर लिंबाखाली बसलात. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, मास्तरला कामधंदा नाही. आज हे कागद मी स्वतः लिहिते आहे ते त्या लिंबाखालच्या तीन तासांमुळे. हे तुम्हाला मी कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

तर चित्र. आता जे सांगते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आम्ही भरतकाम करणाऱ्या बाया एक पान एकदाच काढतो. पातळ कागदावर पान काढायचं, रेषेवर सुईने भोकं पाडायची, तो झाला खाका. मग खाका कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवायचा की खाली ठिपक्यांचं पान उमटतं. शंभर पानांची वेल असली तरी खाका एकच. उलटा ठेवला की समोरच्या बाजूचं पान तयार. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर काम चांगलं, नाहीतर उसवा. मी तुमच्या भुंगेऱ्यांचं तसंच केलं. आधी जल्दीवाल्याचा एक पाय भिंगाखाली बघून मोठा काढला, त्याचा खाका केला, निळीऐवजी कोळशाची पूड वापरली, आणि सहा वेळा फिरवला. सुंदर आला. मग निवांताचा पाय काढला. पुढचा काढला, कारण तो समोर होता. त्याचाही खाका केला आणि सहा वेळा फिरवला.

मी विसरले असं नाही, गुरुजी. मागच्या पायाजवळ आले तेव्हा मी भिंगातून बघितलं होतं. तो एका मण्याने आखूड आहे हे मला दिसलं होतं. चार म्हणून तुम्ही सांगितलेलंही डोक्यात कुठेतरी होतं. पण माझ्या हाताला ते पटलं नाही. कापडावर एक पान आखूड आलं तर आम्ही ते लांबवून घेतो. मला वाटलं, वाळून एक मणी गळाला असेल, सहाही सारखे बरे दिसतील. तुमच्या भुंगेऱ्याची खोड मी दुरुस्त केली. तीन दुपारी खपून काढलेलं ते चित्र इतकं देखणं झालं होतं की तक्ता भिंतीला टेकवून मी दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले.

तुम्ही मोजलं नाहीत. खाली मजकूर तुम्ही आदल्या संध्याकाळी लिहून ठेवलेला होता, ठळक अक्षरात, 'मागील पायास चार'. चित्र सकाळी पुरं झालं, शाई वाळली न वाळली तोच तुम्ही तक्ता गुंडाळून एस.टी. धरलीत. जाताना म्हणालात, असं चित्र अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नसेल. स्टँडवर जो भेटेल त्याला तक्ता उलगडून दाखवत होतात म्हणे, आमच्या घरातून काढलंय म्हणून. ते मला पाणी भरताना शेजारणीकडून कळलं आणि मी उगीचच पदर सारखा केला.

तिथे काय झालं ते हेडमास्तरांनी परवा परत एकदा सांगितलं. ते तुमच्याबरोबर गेलेले होते. भुंगेऱ्यांची पेटी एस.टी.त सीटवरून घसरली आणि वाळलेल्या भुंगेऱ्यांचे पाय झडले. त्यामुळे दाखवायला राहिला तो फक्त तक्ता. परीक्षक आले, कॉलेजातले शिकवणारे, चष्मा नाकावर. त्यांनी मजकूर वाचला आणि मग चित्रातले मणी पेन्सिलीने मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजले. मग म्हणाले, लिहिलंय चार, काढलेत पाच, गुरुजी, तुमचं तुम्हालाच पटलेलं दिसत नाही. हा एकच भुंगेरा आहे, तुम्ही दोन ठिकाणी पकडलाय. भोवतालचे हसले.

तिथपर्यंत मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, तक्ता कोपऱ्यात उभा केलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "निवांताचे सहाही पाय सारखेच निघाले."

एवढंच. आवाज चढला नव्हता. पण मला त्याच क्षणी कळलं की चूक माझी आहे, आणि चूक माझी असली की माझा आवाज चढतो, हे तुम्हाला माहीत होतं.

"मंग मला कामून सांगितलं काढायला? मी काय मास्तरीण हाय? काढायचे व्हते तर सोताच काढायचे व्हते."

"म्या काई म्हणलो का तुला?"

"म्हणले न्हाई, पण तिकडं सगळ्यायला सांगितलंच असंल, बायकोनं घोळ घातला म्हणून."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वाट बघत होते की तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही काही म्हणाला नाहीत. पंचा खुंटीला लावलात आणि बाहेर जाऊन बसलात. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

माझ्या दृष्टीने तो विषय तिथे मिटला नाही, तिथे सुरू झाला. स्टँडवर मिरवलेलं चित्र, मग ते कुणी काढलं हे जिल्हाभर झालं असणारच. 'डबल भुंगेरा' असं कुणी तुम्हाला म्हटलं की मला वाटायचं, हसतात ते मला. अशा वेळी मी उठून आत जायची. त्यानंतर तुम्ही दोनदा वही घेऊन माझ्याजवळ आलात, एकदा शेणातल्या किड्याचं चित्र हवं होतं म्हणून, एकदा कशाचं ते मी ऐकूनच घेतलं नाही. "तुमचे किडे तुम्हीच काढा," मी म्हटलं. मग तुम्ही स्वतःच काढायला लागलात. ती चित्रं आता वहीत आहेत. शेणातला किडा खरंच बटाट्यासारखा आलाय. सुजाताला ती चित्रं बघून हसू आलं आणि लगेच रडू आलं.

बाकी संसार नीट चालला होता. मी तुमच्या डब्यात ठेचा कमी घालत होते असं नाही. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं. फक्त तुमच्या त्या एका कामाच्या खोलीला मी बाहेरून कडी लावली होती आणि चार वर्षं उघडली नाही.

आता ते वाक्य. परवा हेडमास्तर म्हणाले, "परीक्षकांनी इचारलं, हे चित्र कुणी काढलं? आता गुरुजी सकाळपून एस.टी.त सगळ्यायला सांगून राह्यले व्हते, घरच्यांनी काढलं म्हणून. मला वाटलं, सांगतील आन् सुटतील. तर गुरुजी म्हणले, मीच काढलं. माझंच मोजायचं चुकलं. आम्ही परत येताना इचारलं, गुरुजी, असं कामून म्हणले? तर म्हणले, भांडी घासून, पाणी भरून, तीन दुपारी बसल्यावर काढलंय तिनं. त्याच्यावर पेन्सिल कामून ठेवू द्यायची. हे वहिनीला सांगायचं न्हाई म्हणून मला शपथ घातली व्हती. आता गुरुजीच न्हाईत, तर शपथ कोणाची."

यावर लोक हसले नाहीत. कुणीतरी माझ्याकडे बघितलं. मी फोटोकडे बघत राहिले. त्या वेळी उठून मला बोलता आलं असतं, की मोजायचं गुरुजींचं चुकलं नव्हतं. मी उठले नाही. सभा संपली, चहा झाला, आणि लोकांच्या लेखी तुमचं मोजणं चुकलेलंच राहिलं.

घरी येऊन मी तुमच्यावर खूप चिडले. खरं सांगते. सांगायला काय झालं होतं? त्या संध्याकाळी मी विचारलं तेव्हा 'नाही सांगितलं' एवढे दोन शब्द बोलला असतात तर माझी चार वर्षं वाचली असती, तुमची वही वाचली असती. तुम्ही मला वाचवलंत आणि वाचवलंय हे लपवलंत, त्याने मी तुमच्यावरच रुसून बसले. असला कसला शांतपणा? मग राग उतरला, आणि मी तुमचा सदरा तोंडाशी धरून रडले. सोळा दिवसांत इतकी रडले नव्हते. तुम्ही गेलात तेव्हा माणसं होती, सामान होतं, वंदना होती, भन्तेजींची सोय होती. रडायला सवड परवा मिळाली.

काल सकाळी मी सुजाताला घेऊन माळावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून गेले. खडीचे जुने ढीग अजून आहेत, त्यांच्यात तरवडाची झुडपं उगवलीत. सुजाता म्हणाली, आई, लोक काय म्हणतील, सुतकातली बाई दगड उचलून राह्यली. मी म्हटलं, आपल्यात सुतक न्हाई, आन् दगड सरकारी हायत. सातवा की आठवा दगड उचलला तेव्हा तो खाली होता. हात लावला, पाय पोटाशी घेतले, मेला. आम्ही दोघी उकिडव्या बसून तो जिवंत व्हायची वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने एक पाय बाहेर काढला. सुजाताने भिंग धरलं.

"एक, दोन, तीन, चार," ती म्हणाली. "आई, चारच हायत. दुसऱ्यालाबी चारच."

मी तिला पुन्हा मोजायला लावलं. मग मी मोजलं. मग त्याला तिथेच सोडला. आणखी सहा सापडले, प्रत्येकाचे मागचे पाय मोजले. दुपारी घरी येऊन तक्त्याचा कागद पसरला. या वेळी खाका केला नाही. सहा पाय सहा वेळा काढले, प्रत्येक वेळी वहीत तुम्ही लिहिलेलं आणि माळावर मी टिपलेलं बघून. मागचा पाय काढताना हात दोनदा पाचव्या मण्याकडे गेला. सवय वाईट असते. चित्र जुन्याइतकं देखणं झालं नाही. डावा मधला पाय जरा जाडच आलाय. तो तसाच राहू दिला.

आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी शाळेत गेले. तक्ता आणि भिंग सुजाताच्या हातात, माझ्या हातात ती हळदीची डबी, तिच्यात तुम्ही जपून ठेवलेला एक वाळलेला निवांत, पाय शाबूत असलेला. पोरं रांगेत उभी होती. हेडमास्तरांना वाटलं मी तुमच्या फंडाच्या कागदांसाठी आले. मी म्हटलं, मला दोन मिनिटं बोलायचं आहे. त्यांनी खुर्ची आणायला सांगितली. मी उभीच राहिले. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, पण मी डबी त्यांच्या पुढे धरली आणि म्हटलं, आधी मोजा.

हेडमास्तरांनी भिंग धरलं. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, ते डबी उजेडाला नेऊन खूप वेळ बघत राहिले. मास्तर लोक भोवती जमले. पोरांच्या रांगा मोडल्या, कुणी ओरडलं नाही.

"चारच हायत की वो, वहिनी," ते म्हणाले.

"गुरुजींनी खाली तेच लिहिलं व्हतं. त्यांचं मोजायचं बिलकुल चुकलं न्हाई. ते चित्र माझं व्हतं. पाचवा मणी म्या टाकला."

"मंग गुरुजी परीक्षकाला म्हणले, मीच काढलं, माझंच मोजायचं चुकलं..."

"खोटं बोलले."

त्यांनी भिंग खाली केलं. सव्वीस वर्षं एका शाळेत काम केलेला माणूस. म्हणाले, "गुरुजी? खोटं?"

"हाव," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

मग त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. 'डबल भुंगेरा' आता ते कुणाला म्हणणार नाहीत, हे मला त्यांनी न सांगता कळलं. तक्ता विज्ञानाच्या खोलीत लावला आहे. पोरं रांगेने येऊन मोजत होती, मी निघाले तेव्हाही मोजतच होती.

तुम्ही असता तर घरी येऊन म्हणाला असतात, काय गरज होती चारचौघांत सांगायची. होती गरज. तुम्ही माझी लाज झाकलीत, आणि मी तुमचं खरं झाकून बसले. तुमच्याशी हे घरात बोलून मिटवायला चार वर्षं होती. तेव्हा मी बोलले नाही, म्हणून आज मला सगळ्या शाळेसमोर बोलावं लागलं, आणि ज्याला ऐकवायचं होतं तो एकटाच तिथे नव्हता.